कुंपणाबाहेरची सफारी

'सफारी' हा शब्द आमच्या नगरात पहिल्यांदा आला तो जंगलातून नव्हे, शिंप्याच्या दुकानातून. मी शाळकरी होतो तेव्हा लग्नात नवरदेवाला सफारी शिवायची पद्धत पडली होती. चार खिशांचा बुशकोट आणि त्याच कापडाची पँट. जावयाला सफारीचं कापड मिळालं नाही म्हणून रुसलेले जावई मी पाहिले आहेत. पुढे इंजिनिअर, बीडीओ आणि सोसायटीचे चेअरमन सफारीत दिसू लागले. मग त्या नावाची बॅग आली, गाडी आली. वाघ-हरणांचा आणि या शब्दाचा काही संबंध आहे, हे आमच्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला.

खरं तर शब्द आपल्या घरचाच. अरबीतला 'सफर' म्हणजे प्रवास. 'मुसाफिर' त्याच घरातला. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून हा शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला. तिथे तो इंग्रजांच्या हाती लागला. त्यांनी त्याच्या खांद्यावर बंदूक दिली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला तो फार नंतर. आपण मात्र मराठीत कधीपासून सफर करतोच आहोत, फक्त तिला सफारी म्हणत नाही.

माझा एक भाचा आखातात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी तो बायकोमुलांना घेऊन दक्षिण आफ्रिकेत सुट्टी घालवून आला. तिथल्या एका खासगी राखीव रानात त्याने तीन दिवस मुक्काम केला. नगरला आला तेव्हा मोबाइलवर फोटो दाखवत बसला. पहाटे उघड्या जीपमधून निघायचं, रानातच चहा घ्यायचा, सिंह पाच हातांवर. संध्याकाळी शेकोटीभोवती जेवण. रान एका मालकाचं, जीप त्याची, हॉटेल त्याचं. मी विचारलं, "आणि सिंह?" तो म्हणाला, "मामू, वो भी मालिक का!"

मला ते खरं वाटेना. पण वाचल्यावर कळलं की तसंच आहे. क्रूगर या त्यांच्या मोठ्या राष्ट्रीय उद्यानाला लागून 'साबी सँड' नावाचं खासगी राखीव क्षेत्र आहे. जमीनमालकांनी एकत्र येऊन १९३४ साली ते उभं केलं. दोन्हींच्या मधलं कुंपण १९९३ साली काढून टाकलं, त्यामुळे जनावरं आता इकडून तिकडे फिरतात. शिवाय १९९१ साली त्या देशाने एक कायदा केला. जमिनीला पुरेसं कुंपण आहे असा दाखला मालकाकडे असेल, तर त्याच्या कुंपणातून निसटलेलं रानजनावरही त्याचंच राहतं. म्हणजे आपल्याकडे दावं तोडून पळालेली म्हैस जशी मालकाचीच, तसा तिकडचा गेंडा.

भाच्याने विचारलं, आपल्याकडे असं खासगी रान नाही का? होतं की. राजेरजवाड्यांची शिकारीची रानं काय होती मग? राधानगरीजवळचं दाजीपूरचं जंगल हे कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान होतं. तिथे गव्यांसाठी अभयारण्य झालं ते १९५८ साली. त्याच कोल्हापूर संस्थानात शिकवलेले चित्ते सोडून काळविटांची शिकार करायचा शौक विसाव्या शतकातही चालू होता. आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून मागवले गेले. पुढे चित्ता आपल्या देशातून नाहीसाच झाला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये पुन्हा आणावा लागला. चित्त्याला आफ्रिकेतून बोलवायची ही दुसरी वेळ, एवढंच.

बादशहांचं तर विचारूच नका. अकबराकडे शिकारी चित्त्यांचा मोठा ताफा होता. त्याच्या मुलाची, जहांगीरची गोष्ट मात्र मला आवडते. त्याचं मनसराज नावाचं एक लाडकं हरीण होतं. ते मेल्यावर त्याने लाहोरजवळ शेखूपुऱ्याला त्याच्या आठवणीसाठी मिनार बांधला. आज तो पाकिस्तानात आहे, त्याला हिरन मिनार म्हणतात. आणि हुकूम काढला की या मैदानातलं हरीण कुणी मारायचं नाही, इथल्या हरणाचं मांस हिंदूला गाईच्या मांसासारखं आणि मुसलमानाला डुकराच्या मांसासारखं. दोन्हीकडची नस त्याला बरोबर ठाऊक होती! शिकारीचा नाद मात्र त्याने सोडला नाही. दुसऱ्या मैदानातली हरणं होतीच.

आता तसं चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दार बंद केलं. आपल्याकडे रानजनावर कुणाच्या खासगी मालकीचं होऊ शकत नाही. काळवीट त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसणारं. शेतात मरून पडलेलं काळवीटसुद्धा सरकारचं. त्याच्या शिंगाला हात लावायची सोय नाही.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मी भाच्याला म्हटलं, चल, उद्या तुला आपल्याकडची सफारी दाखवतो.

आमचा जिल्हा २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झाला असला तरी एसटीच्या थांब्यावर माणसं अजून 'नगर'च म्हणतात. या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला कर्जत तालुका. मुंबईकडचे लोक कर्जत म्हटलं की लोकल, वडापाव आणि पावसाळी धबधबे असं काहीतरी बोलू लागतात. ते कर्जत रायगडचं. आमच्या कर्जतला धबधबा नाही. इथे पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर झाला तर लोक एकमेकांना शुभेच्छा देतात. अष्टविनायकांतला सिद्धटेकचा गणपती या तालुक्यात आहे, राशीनची यमाई आहे, आणि कर्जत सोडल्यावर थोड्याच वेळात रेहेकुरी आहे. काळविटांसाठी राखलेलं अभयारण्य. स्थापना १९८० ची. क्षेत्र दोन पूर्णांक सतरा शतांश चौरस किलोमीटर, म्हणजे २१७ हेक्टर. आपल्या भाषेत साडेपाचशे एकरांच्या आत-बाहेर. एखाद्या जुन्या वतनदाराची जमीन याहून जास्त भरायची.

डिसेंबरचे दिवस होते. मिरजगावला चहा घेतला आणि ऊन चढायच्या आत पोचलो. फाटकावर पावती केली. तिथे जीप नव्हती की गाद्यांची गाडी नव्हती. वनरक्षक म्हणाले, चला, चालत जाऊ. भाच्याच्या धाकट्या मुलाने माझा हात ओढून विचारलं, "नानू, शेर किधर है?" मी म्हटलं, शेर माझ्या वहीत आहेत, इथे हरणं आहेत. हा विनोद त्याला कळला नाही. त्याच्या बापालाही नाही.

माळ म्हणजे काय, हे माळावर चालल्याशिवाय कळत नाही. लांबून बघणाऱ्याला ते ओसाड रान वाटतं. हिवर, बाभळी, बोरी, मधूनमधून कडुनिंब, आणि खाली गुडघ्याएवढं वाळलेलं गवत. कुसळं पायजम्यात शिरतात आणि घरी पोचेपर्यंत सोबत करतात. चंडोल वर वर जात गातो आणि दगड टाकावा तसा खाली येतो. हिवाळ्यात परदेशातून आलेले भोवत्या पक्षी गवतावरून इतके खालून तरंगत जातात, की पंखांनी गवत विंचरताहेत असं वाटावं. सरकारी दप्तरात मात्र अशा जमिनीला कित्येक वर्षं 'पडीक' म्हणत आले आहेत. आणि पडीक दिसली की आपल्याला तिथे झाडं लावायची हौस येते. झाडं लावणं पुण्याचं, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं. पण काळवीट झाडीतलं जनावर नाही. त्याला लांबवर दिसायला हवं आणि पळायला मोकळं हवं. त्याच्या माळावर दाट झाडी लावणं म्हणजे कोळ्याच्या होडीत माती भरून तुळस लावण्यासारखं आहे.

पहिला कळप दिसला तो आधी मला नव्हे, मुलांना. पंधरा-वीस माद्या आणि पाडसं, मातीच्या रंगाची, पोटाखाली पांढरी. सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. आणि बाजूला, एकटा, तो. पाठ काळीभोर, पोट पांढरं, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, आणि डोक्यावर मळसूत्रासारखी पीळ घेत वर गेलेली शिंगं. 'काळवीट' हे नाव खरं म्हणजे याच एकट्याला शोभतं. मादी काळी नसते, तिला शिंगं नसतात. नरही जन्मतः काळा नसतो, वयात येईल तसा काळा होत जातो. आम्हा माणसांचं उलट, वय होईल तसे आम्ही पांढरे होतो आणि मग डबीतला काळा लावतो.

वनरक्षकांनी हळू आवाजात दाखवलं. हा नर आपली जागा धरून बसतो. ठरलेल्या ठिकाणी लेंड्या टाकून टाकून ढीग करतो, ती त्याची सातबाऱ्याची नोंद. डोळ्यांच्या कोपऱ्याजवळच्या ग्रंथीतला चिकट स्राव काडीला, गवताला पुसतो, ती त्यावरची सही. दुसरा नर आला की मान वर करून, शिंगं पाठीवर टेकवून चालत येतो. त्या चालीचा ताठा बघून मला आमच्याकडच्या मुशायऱ्यातले काही उस्ताद आठवले. नाव सांगत नाही.

आणि मग ते पळाले. कुणीतरी शिंकलं असावं. ताशी ऐंशी किलोमीटर वगैरे आकडे आपण पुस्तकात वाचतो, पण खरं बघण्यासारखं आहे ते पळणं नव्हे, उडी. एक मादी जागच्या जागी उभी होती ती सरळ हवेत गेली, चारही पाय एकदम, आणि क्षणभर तिथेच राहिली. मग दुसरी, मग तिसरी. सगळा कळप असा उसळत गेला आणि बाभळींच्या पलीकडे मिटला. मुलं गप्प झाली. आफ्रिकेत सिंह बघितलेली मुलं.

आम्हा गझल लिहिणाऱ्यांचं हरणाशी एक जुनं नातं सांगतात. अरबीत 'गझाल' म्हणजे हरीण. त्यावरून कुणीतरी ठोकून दिलं की जखमी हरणाचा टाहो म्हणजे गझल. कोशात अर्थ साधा आहे, प्रेयसीशी केलेलं बोलणं. पण टाहोची कल्पना सूत्रसंचालकांना इतकी आवडते की दर मुशायऱ्यात ती ऐकावी लागते. शिवाय तो गझाल म्हणजे काळवीट नव्हेच, तो चिंकाऱ्याच्या कुळातला. चिंकारा बघायचा तर बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली झालेलं, तेही पाच-सव्वापाच चौरस किलोमीटरचं, लहानसंच. मी तीस वर्षं 'हरणीचे डोळे' लिहीत आलो. त्या दिवशी दुर्बिणीतून नीट पाहिले. त्या डोळ्यांत लाज वगैरे काही नसते. ते डोक्याच्या दोन बाजूंना बसवलेले असतात आणि लांडगा कुठून येतोय हे बघत असतात.

परतताना हद्दीजवळच्या एका शेताकडे मुलांचं लक्ष गेलं. शेताच्या चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधलेल्या. लाल, पिवळ्या, जांभळ्या, जरीच्या काठाच्यासुद्धा. मुलांना वाटलं, इथे कुणाचं लग्न आहे. मी थांबलो, कारण मला ते लग्न नाही हे माहीत होतं.

शेताचे मालक बांधावरच बसले होते. सत्तरीचे असतील. मी म्हटलं, "आण्णा, रामराम." त्यांनी माझ्या दाढीकडे पाहिलं आणि म्हणाले, "रामराम भाई, या, बसा. हरणं पाहून आला का?"

म्हटलं, पाहून आलो. छान आहेत.

"छान हायेतच की," आण्णा म्हणाले. "माझ्या हरभऱ्यावर पोसलीत."

मग ते बोलत राहिले आणि आम्ही ऐकत राहिलो. पाच एकर रान. दोन एकर ज्वारी, त्यात चार ओळी गूळभेंडीच्या, हुरड्यासाठी. एक एकर हरभरा, बाकी तूर. दिवसा हरणं तिकडे हद्दीत असतात. अंधार पडला की इकडे येतात. हरणाला अभयारण्याची हद्द ठाऊक नाही आणि त्याला अडवेल असं कुंपणही नाही. ज्वारीचा कोवळा पोंगा, हरभऱ्याचा शेंडा, हे त्याला वाळल्या गवताहून गोड लागणारच. म्हणून शेताला साड्या. वाऱ्याने साडी हलली की हरीण बिचकतं. "पन चार दिसांनी त्याला बी कळतं की ही आपल्याच म्हातारीची साडी हाय," आण्णा म्हणाले. म्हणून मग माळ्यावर झोपायचं, हातात बॅटरी घेऊन, डिसेंबरच्या थंडीत.

भाच्याने विचारलं, सरकार भरपाई देत नाही का? देतं. पिकाचं नुकसान झालं की कळवायचं, पंचनामा व्हायचा, अर्ज पुढे जायचा. नियम आहे आणि तो चांगला आहे. आण्णांची तक्रार नियमाबद्दल नव्हती, मोजण्याबद्दल होती. रानडुक्कर शेत लोळवून जातं, ते दिसतं. हरीण शेंडे खुडतं. शेत हिरवं उभं दिसतं, पण दाणा भरत नाही. "किती खाल्लं म्हनून हरीण सही करून जातं का? कागद करायला चार खेपा, मिळायचं किती? मग म्हनलं, ऱ्हाऊ द्या."

थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमी पावती फाडली ना भाई? किती घेतलं? ते पैसं कुठं जात्यात?"

मला उत्तर देता आलं नाही. पण त्या एका प्रश्नाने भाच्याची आफ्रिका आणि माझं रेहेकुरी एका ओळीत येऊन उभी राहिली. तिकडे जमीन ज्याची, जनावर त्याचं, आणि जनावर बघायला आलेल्या पाहुण्याचे पैसेही त्याचेच. म्हणून तो जनावराला जपतो. मला ती तऱ्हा फारशी आवडत नाही. सिंहाला मालक असावा हे माझ्या पोटात जात नाही, आणि एवढे पैसे मोजणारालाच सिंह दिसावा हेही नाही. रेहेकुरीत माझ्यासारखा कारकुनी करणारा माणूस मिरजगावच्या चहासकट दोनतीनशे रुपयांत सहकुटुंब सफारी करतो, हे मला आपल्या देशाचं मोठेपण वाटतं. पण मग हा स्वस्तपणा भरतो कोण? जनावर सरकारचं, बघणारे आपण सगळे, आणि रात्रीचं जेवण आण्णांच्या घरचं. आपल्याकडे खासगी राखीव रान नाही असं मी भाच्याला सांगितलं होतं. आण्णांचं पाच एकर दुसरं काय आहे? फक्त त्याला फाटक नाही आणि पावती नाही.

अभयारण्याचा आकार हा विषय निघाला की मला माळढोकाची आठवण होते. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून माळढोकाचं अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. म्हणजे रेहेकुरीच्या जवळजवळ चार हजार पट! त्यात कर्जत होतं, श्रीगोंदा होतं, गावंच्या गावं होती, शेतं होती, बाजारपेठा होत्या. लोकांना आपलीच जमीन विकताना आणि बांधकाम करताना अडचणी येऊ लागल्या. माळढोक कधी न पाहिलेला माणूसही त्या पक्ष्याच्या नावाने बोटं मोडू लागला. शेवटी ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं, बाजरीच्या जागी ऊस आला, माळ नांगरले गेले. माळढोकाची मादी जमिनीवर उघड्यावर बहुधा एकच अंडं घालते. एवढ्या धीम्या पक्ष्याला एवढी घाई झेपली नाही. कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर आता तो दिसल्याची वार्ताही येत नाही. नकाशावर मोठं अभयारण्य होतं, पण माणसांच्या मनात त्याला एकरभर जागा मिळाली नाही. आणि २१७ हेक्टरांतलं काळवीट टिकलं. त्याची वीण जास्त, ते चपळ, हे खरं. पण ते टिकलं यात आजूबाजूच्या दोन-चार गावांनी त्याला खाऊ घातलं याचा वाटा किती, हे कुणी मोजलेलं नाही.

सगळीच जनावरं आण्णांच्या हरणांइतकी गरीब नसतात, हेही सांगायला हवं. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला, अकोले-संगमनेर-राहुरीच्या उसात बिबटे राहतात. विद्या अत्रेय यांनी अकोल्याच्या भागात कॅमेरे लावून अभ्यास केला. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. शेती आणि वस्तीच्या त्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच मोठे बिबटे निघाले आणि तितकेच तरस. त्या बिबट्यांनी गेल्या काही वर्षांत माणसांचे बळी घेतले आहेत, लहान मुलांचेही. तिथल्या आईला जाऊन सहजीवनाच्या गोष्टी सांगायची माझी छाती नाही. मी बोलतो आहे ते हरणापुरतं. हरणाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे म्हणून बोलतो आहे.

सुटण्यासारखा म्हणजे कसा? २०२४ साली शेजारच्या पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ इथे वनखात्याने माळरानाची सफारी सुरू केली. नाव नोंदवायचं, आपल्या गाडीने जायचं आणि सोबत गावातलाच तरुण वाटाड्या. चिंकारा, लांडगा, कोल्हा, खोकड, हे ज्यांनी लहानपणापासून पाहिलेत तेच पाहुण्यांना दाखवतात. पाहुण्याचा रुपया गावाच्या वेशीत थोडा तरी रेंगाळतो. येवल्याजवळ ममदापूरला काळविटांसाठी संवर्धन राखीव आहे. कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ही नवी तरतूद आली. त्याच दुरुस्तीने 'सामुदायिक राखीव' असाही एक प्रकार आणला. गाव किंवा एखादा माणूस आपली खासगी जमीन जनावरांसाठी राखू म्हणाला, तर त्याला तसा मार्ग आहे. कुंपण घालून मालक व्हायचं नाही, पण यजमान म्हणून मान घ्यायचा. आण्णांसारख्यांना हे कुणी जाऊन सांगितलं आहे का, मला शंका आहे. शेतीखात्याचा माणूस खताचं सांगतो, बँकेचा माणूस कर्जाचं सांगतो. हे सांगणारा माणूस कोणत्या खात्याचा?

आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या, त्याही सांगून टाकतो. माळावर काळविटाला वाघ-सिंहाचं भय नाही. त्याचे आजचे वैरी म्हणजे मोकाट कुत्री, रस्त्यावरची भरधाव गाडी, कठडा नसलेली विहीर आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. कुत्री पाठीला लागली की हरीण अंधारात विहिरीत जातं. शेततळ्यात पाणी प्यायला उतरलेलं पाडस निसरड्या कागदावरून परत वर येऊ शकत नाही. विहिरीला कठडा आणि तळ्यात एका बाजूने सोडलेली दोराची जाळी, एवढ्यावर जीव वाचतो. हे काम सरकारी ठरावाशिवायही होण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. तेव्हा वनखातं पाणवठ्यांत पाणी सोडतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री अशा पाणवठ्यांशेजारी मचाणावर बसून जनावरं मोजायची आपल्याकडे पद्धत आहे. हौशी माणसांनाही पुष्कळ ठिकाणी बसू देतात. चांदण्यात काळवीट पाणी प्यायला येतं तेव्हा त्याची काळी पाठ दिसत नाही, फक्त पोटाचा पांढरा भाग चालत आल्यासारखा दिसतो, असं एका मित्राने मला सांगितलं. मला ते बघायचं आहे. जमल्यास येत्या वैशाखात.

जानेवारीत मी पुन्हा आण्णांकडे गेलो, या खेपेला हुरड्याला. भाचा आखातात परतला होता, त्याने तिथून फोन करून आधीच सांगून ठेवलं होतं की मामू, पैसे मोजून द्यायचे, तिकडच्या जीपवाल्याला देतो तसे. आण्णा घेईनात. मी म्हटलं, ही जेवणाची किंमत नाही, हरणं बघायची पावती आहे, तुम्ही विचारलं होतं ना पैसे कुठे जातात. ते हसले आणि नोटा टोपीत ठेवल्या. मग आगटीवरून कणीस काढून हातावर चोळत त्यांनी मला एक-एक नर ओळखीने सांगितला. एक कान फाटलेला, एक डाव्या शिंगाचं टोक मोडलेला, एक नुकताच काळा होऊ लागलेला आणि उगाच सगळ्यांशी भांडणारा. मोजणीच्या कागदावर ही नावं कुठे नसतील.

मी विचारलं, "आण्णा, रात्री हाकलता तरी का त्यांना?"

"हाकलतो की. न हाकलून कसं भागंल?" ते म्हणाले. "पन संगं पाडस आसलं की बॅटरी जरा बाजूला मारतो. डोळ्यावर उजेड पडला की त्याला आय दिसत न्हाई."

मग त्यांनी माझ्यासमोर लसणाची चटणी सरकवली आणि म्हणाले, हुरडा गरम आहे तोवर खा.